एचओला म्हणा ‘हो’!

कळसूबाईची उंची किती? १,६४६ मीटर. आता तिला ८७ने भागा. उरतात जेमतेम १९ मीटर. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर सहा मजली इमारतीएवढं झालं! मुंबई ते पुणे हा १९२ किलोमीटरचा लोहमार्ग सव्वादोन किलोमीटरवर आला. आणि पावणेसहा फुटी माणूस? बरोब्बर दोन सेंटिमीटर!

वेलकम टू एचओ! मॉडेल रेल्वेच्या जगातलं हे सर्वांत लाडकं स्केल. प्रमाण १:८७. तुम्हीही टेबलावर स्वतःची रेल्वे धाववायच्या विचारात असाल, तर चला, घ्या तिकीट.

पण ८७च का? ८० नाही, १०० नाही, मधूनच ८७ कुठून आला? तर खऱ्या जगातला एक फूट इथे साडेतीन मिलिमीटरचा होतो. एका फुटात ३०४.८ मिलिमीटर, त्याला ३.५ने भागा, हिशेब चोख! ब्रिटनमध्ये ‘ओ’ नावाचं मोठं स्केल होतं, त्यात एक फूट सात मिलिमीटरचा. त्याचं निम्मं, म्हणजे ‘हाफ ओ’. झालं एचओ.

माहीत आहे का, इंग्लंडमध्ये मात्र याच रुळांवर जरा फुगलेल्या गाड्या पळतात? ब्रिटिश इंजिनं मुळातच अंगानं लहान. ८७ने भागल्यावर त्यांच्या पोटात त्या काळच्या मोटरी मावेनात. मग इंग्रजांनी काय केलं? रूळ तेच ठेवले, १६.५ मिलिमीटर अंतराचे, आणि गाडी मोठी केली, १:७६! त्या स्केलचं नाव ‘ओओ’. ऑनलाइन खरेदी करताना इकडे नीट बघा. रूळ दोन्हींचे जुळतात, पण एचओच्या स्टेशनात ओओची गाडी शिरली की प्लॅटफॉर्मवरचे प्रवासी एकदम बुटके दिसतात.

आता एक खास आपला नगेट. एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ म्हणजे खऱ्या जगातला १,४३५ मिलिमीटरचा स्टँडर्ड गेज. आपली ब्रॉडगेज १,६७६ची! ती ८७ने भागली तर १९ मिलिमीटरच्या वर जाते. म्हणजे एचओ रुळावर उभी केलेली भारतीय एक्स्प्रेस थोडी अरुंद पायांवर उभी असते. मग महाराष्ट्रात या रुळावर अगदी अचूक बसणारं काही आहे की नाही? आहे ना! मुंबई, पुणे आणि नागपूरची मेट्रो. तिन्ही स्टँडर्ड गेज. मेट्रोप्रेमींनो, लॉटरी लागली!

खरेदीला निघालात? थांबा, आधी सर्वांत महत्त्वाची सूचना. अमेरिकेतल्या मावशीनं प्रेमानं पाठवलेल्या स्टार्टर सेटचा अॅडॉप्टर बहुधा १२० व्होल्टचा असतो. आपल्या भिंतीत २३०! अॅडॉप्टरवरची इनपुटची ओळ वाचल्याशिवाय प्लग लावायचा नाही म्हणजे नाही.

माहीत आहे का, बाखमन ही मॉडेल गाड्यांची प्रसिद्ध कंपनी भारतातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेपेक्षा २० वर्षांनी मोठी आहे? बोरीबंदर–ठाणे गाडी सुटली १८५३ला, बाखमन फिलाडेल्फियात सुरू झाली १८३३ला. तेव्हा ती बनवायची छत्र्यांच्या हस्तिदंती मुठी! आणि जर्मनीची मार्कलिन, १८५९ची? तिची सुरुवात बाहुल्यांच्या पत्र्याच्या भातुकलीपासून. छत्री आणि भातुकलीतून थेट आगगाडी!

आता गाडीला वळण लावूया. नवख्यांचा घात इथेच होतो, म्हणून इथे जरा रेंगाळू. अमेरिकन सेटमध्ये बहुतेकदा १८ इंच त्रिज्येचे वळणाचे तुकडे मिळतात. असे १२ तुकडे जोडले की गोल पूर्ण. छान! पण १८ इंच म्हणजे खऱ्या जगातले ४० मीटर. आपल्या ब्रॉडगेजवरचं सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं असतं. तसं हुबेहूब वळण एचओमध्ये करायचं तर त्रिज्या दोन मीटर, म्हणजे टेबल चार मीटरहून रुंद. बेडरूम गेली!

म्हणून सगळेच मॉडेलवाले वळणात तडजोड करतात, आणि ती करायलाच हवी. फक्त ती डोळसपणे करा. १८ इंची वळणावर छोटी इंजिनं आणि चार चाकी मालडबे मजेत जातात. पण लांबलचक प्रवासी डबे? त्यांची टोकं बाहेर फेकली जातात, शेजारच्या डब्याला ढुशी बसते आणि गाडी रुळांवरून खाली. एलएचबी डबा एचओमध्ये २७ सेंटिमीटरचा होतो. असे २४ लावले तर गाडी साडेसहा मीटर लांब, म्हणजे टेबलाभोवती स्वतःचीच शेपटी पकडणार! सुरुवातीला तीन-चार आखूड डबे घ्या. गाडी लगेच मोठी वाटते आणि स्टेशनही.

एक गुपित सांगू? ८ बाय ४ प्लायवुडच्या पूर्ण शीटवर २२ इंची वळण आरामात बसतं. व्यास ४४ इंच, शीट ४८ इंच. मग १८वर का थांबायचं? मात्र टेबल भिंतीला चिकटवू नका. चार फूट पलीकडे हात पोहोचत नाही आणि गाडी घसरते ती नेमकी त्याच कोपऱ्यात.

स्पीडचं गणित तर भन्नाट आहे! त्या शीटवरचा फेरा साधारण पावणेसहा मीटरचा. घरातली चिल्लीपिल्ली नॉब पूर्ण फिरवतात आणि गाडी पाच सेकंदांत फेरी मारते. माहीत आहे का, हा वेग किती झाला? ताशी ३६० किलोमीटर! जपानची शिंकान्सेन ३२०ला थांबते. तुमच्या मालगाडीनं बुलेट ट्रेनला मागे टाकलं! खऱ्यासारखा ताशी १०० हवा असेल तर सेकंदाला ३२ सेंटिमीटर पुरे, म्हणजे एका फेरीला १८ सेकंद. हळू चालवा. इंजिनाचं खरं सौंदर्य सावकाश चालीतच दिसतं.

डोंगर, बोगदा, घाट हवाच का? घाई नको. बोरघाटातला चढ आहे ३७ला १, आणि तिथे खऱ्या गाड्यांनाही कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात. टेबलावर नवख्यानं ५०ला १च्या वर जाऊ नये. आता हिशेब बघा. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर मध्ये तीन इंच उंची हवी. तीन गुणिले ५०, म्हणजे १५० इंच, साडेबारा फुटांचा नुसता चढ! उतरायला तेवढेच पुन्हा. ८ बाय ४च्या चारही कडा मिळून २४ फूट. पुरतात का? नाही! पहिला लेआउट सपाटच ठेवा, बोगदा मात्र खुशाल बांधा. सपाटीवरही तो झकास दिसतो.

माहीत आहे का, ‘निकेल सिल्व्हर’च्या रुळांत चांदी औषधालाही नसते? तांबं, निकेल आणि जस्त, बस्स. आपल्याकडच्या जर्मन सिल्व्हरच्या भांड्यांचं हेच कुळ. तरीही खरेदी करताना हेच रूळ मागा. जुन्या सेटमधले पोलादी रूळ मुंबई-कोकणच्या दमट हवेत गंजतात, पितळी रूळ काळवंडून वीज अडवतात. वीज अडली की गाडी अडली, कारण एचओचं इंजिन आपलं जेवण रुळांतूनच घेतं. म्हणून दर तीन ते सहा फुटांवर रुळाला वायर जोडा. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. सँडपेपर नको, त्याचे ओरखडे आणखी मळ धरतात. आणि पोलादी काथ्या? अजिबात नको! त्याचे तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि मोटर संपते.

एक शॉकिंग कोडं. गाडी पुढे गेली, गोल वळसा घालून त्याच रुळावर उलट्या तोंडानं परत आली. सोपं वाटतं ना? पण दोन रुळी पद्धतीत असा वळसा म्हणजे डावा रूळ उजव्याला जाऊन भेटतो आणि थेट शॉर्ट सर्किट! तिथे दोन्ही रुळांना इन्सुलेटेड जोड आणि ध्रुव बदलणारा स्विच लागतो. मार्कलिनवाले मात्र बिनधास्त असतात, त्यांची वीज रुळांच्या मधल्या ठिपक्यांतून येते.

डीसी की डीसीसी? साध्या डीसीत तुम्ही रूळ चालवता. त्यावर दोन इंजिनं असली तर दोन्ही एकदम पळतात. डीसीसीत, म्हणजे डिजिटल नियंत्रणात, प्रत्येक इंजिनाला स्वतःचा नंबर. आणि माहीत आहे का, कारखान्यातून निघालेल्या बहुतेक सगळ्या डीसीसी इंजिनांचा नंबर एकच असतो? ३! दुसरं इंजिन आणलंत की आधी नंबर बदला, नाहीतर दोघं जोडीनं सुटतात. बजेट बेताचं असेल तर डीसीनं सुरुवात करा, पण इंजिन ‘डीसीसी रेडी’ घ्या. पुढे फक्त डिकोडर बसवायचा.

डबे सारखे घसरतात? वजन करा! अमेरिकेच्या एनएमआरए या १९३५पासूनच्या संघटनेनं त्याचं सूत्रच देऊन ठेवलंय. एक औंस, अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस. दहा इंची डबा म्हणजे सहा औंस, सुमारे १७० ग्रॅम. हलका भरला तर आत एखादा नट चिकटवा, चाल सुधारलीच.

आता जुळ्यांचा योगायोग! एचओ डबे जोडणारं सर्वांत नावाजलेलं कपलिंग कोणाचं? केडीचं. ही कंपनी काढली कीथ आणि डेल एडवर्ड्स या ओरेगनच्या जुळ्या भावांनी. आणि जगातली सर्वांत मोठी मॉडेल रेल्वे? हॅम्बुर्गचं मिनिआतुर वुंडरलांड. तेही २००१मध्ये सुरू केलं फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्यांनीच!

वुंडरलांड म्हणजे एचओचं पंढरपूर. हजाराहून जास्त गाड्या, दर १५ मिनिटांनी दिवसाची रात्र, आणि २०११पासून विमानतळसुद्धा, जिथून इवली विमानं खरोखर उडताना दिसतात. रूळ १६ किलोमीटरच्या वर. गुणिले ८७ करा. जवळजवळ १,४०० किलोमीटर, मुंबई ते दिल्ली!

हॅम्बुर्ग लांब पडतं? पुण्यात कोथरूड गाठा. बी. एस. जोशी यांनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम तिथे १ एप्रिल १९९८पासून आहे आणि तेही एचओ स्केलमध्ये. पहिला रूळ विकत घेण्याआधी इथे एक चक्कर माराच, सिग्नल आणि सांधे एका तालात कसे चालतात ते डोळ्यांनी बघता येतं.

रॉकस्टार रॉड स्टुअर्ट दौऱ्यावर निघाला की हॉटेलात एक जादा खोली घ्यायचा, माहीत आहे का? पार्टीसाठी नाही, इमारतींची मॉडेल्स बनवायला! २३ वर्षं खपून त्यानं १,५०० चौरस फुटांत एचओचं अमेरिकन शहर उभं केलं. वायरिंग मात्र दुसऱ्याकडून करून घेतलं. तुम्हालाही सोल्डरिंग जमत नसेल तर कॉलर ताठ ठेवा.

कॅलिफोर्नियाच्या जॉन अॅलनच्या लेआउटवर शंटिंग कोण करायचं? एमा. एमा कोण? एक स्टेगोसॉरस! चक्क डायनोसॉर डबे ढकलायचा. आणि १९६२चा ‘स्पेसवॉर’ हा सुरुवातीचा व्हिडिओ गेम घडवणारी टोळी एमआयटीच्या मॉडेल रेल्वे क्लबातलीच. सांध्यांची वायरिंग करता करता पोरं थेट कॉम्प्युटरवर घसरली!

जागाच नाही म्हणता? मग शेवटची धमाल. पाच-सहा फुटांची फळी, दोन सांधे, तीन सायडिंग, एक इंजिन, आठ मालडबे. एका सायडिंगमध्ये पाच डबे मावायला हवेत, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. ब्रिटनच्या अॅलन राइटचा हा खेळ, नाव ‘इंगलनुक’. आठ डब्यांच्या चिठ्ठ्या करा, पाच उचला आणि त्याच क्रमानं गाडी लावा. डब्याला हात लावायचा नाही, सगळं शंटिंगनं! किती वेगवेगळ्या गाड्या लागू शकतात? ६,७२०. रोज एक लावलीत तर १८ वर्षं पुरतील. काढा चिठ्ठ्या!