साबुदाण्याएवढं तळं!

एक कोडं घालू? फुटबॉलची तीन मैदानं मावतील एवढं तळं, पण साबुदाण्याच्या एका दाण्याखाली झाकलं जातं. कसं बरं?

अरे, नकाशावर!

आपल्या इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रानं उपग्रहाच्या फोटोंवरून देशातल्या पाणथळ जागांचे नकाशे बनवले. पाणथळ म्हणजे तळी, दलदली, खाड्या, खारफुटी, सगळं आलं. २०११ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे चक्क ५०० मीटर! मग १५० मीटर लांब आणि तेवढंच रुंद तळं केवढं दिसणार? घे फूटपट्टी. फक्त ३ मिलिमीटर!

आणि त्याहून लहान तळी? त्यांच्या वाट्याला नुसता एक ठिपका. असे ठिपके किती असतील, सांग पाहू. साडेपाच लाखांहून जास्त! मोठ्या जागा मात्र दोन लाखांहून थोड्याच अधिक. म्हणजे ठिपक्यांचीच गर्दी!

आता खरी गंमत. इतक्या उंचावरून पाणी ओळखायचं कसं? उपग्रहाच्या कॅमेऱ्याला एक असा प्रकाश दिसतो, जो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. झाडांची पानं तो परत उडवतात, पाणी गट्ट करून टाकतं. फोटोत तो प्रकाश लाल रंगानं दाखवतात, म्हणून पाणी काळंभोर आणि झाडं लालभडक! मग जलपर्णीनं झाकलेलं तळं कसं दिसेल? तेही लाल! फसलो की नाही?

शिवाय मे महिन्यात फोटो काढला तर कितीतरी तळी कोरडी ठणठणीत. कॅमेरा म्हणणार, इथं तळं नाहीच! म्हणून पावसाळ्याआधीचा एक आणि नंतरचा एक, असे दोन फोटो बघतात.

आता एक खरी पाणथळ जागा बघू. नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर घे. गोदावरी आणि कादवा या नद्या तिथं भेटतात. तिथल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ पाणी झालं, बेटं तयार झाली आणि पक्ष्यांची चंगळ झाली! ही जागा रामसर यादीत गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी. त्यात गेलेली महाराष्ट्रातली पहिली जागा हीच!

पण अशा जागेचं पाणी कधी पसरतं, कधी आटतं. मग हद्द आखायची कुठं? त्यासाठी संगणकावर पाण्याचा नकाशा आणि तलाठ्याकडचा गावनकाशा एकावर एक ठेवतात. लगेच कळतं, भर पावसाळ्यात पाणी जमिनीच्या कुठल्या गट नंबरात शिरतं, कुठला नाला तळ्यात येतो, भराव कुठं टाकायचा नाही. तरीही कुणीतरी चिखल तुडवत जाऊन खात्री करावीच लागते. मला तर हेच काम सगळ्यात भारी वाटतं!

तुमच्या गावचं तळं ठिपक्यात जाईल का? तुझं एक पाऊल अर्ध्या मीटरचं धरलं, तर १५० मीटर म्हणजे ३०० पावलं. चल, मोज! काठावरूनच हं, पाण्यात उतरून नाही!