उजव्या दाराची गोष्ट

सकाळचे साडेआठ. पिंपरी-चिंचवडच्या डांगे चौकातल्या बीआरटी थांब्यात बस शिरते. चालक स्टिअरिंग हलकेच उजवीकडे घेतो, टायर फलाटाच्या कडेला घासतो न घासतो तोच बस थांबते आणि उजवं दार उघडतं. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक आजी, एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात नातवाचं मनगट अशा, माजघरातून ओसरीवर यावं तशा बसमध्ये जातात. कुणी हात द्यावा लागत नाही, कंडक्टरला ‘चला, पटापट चढा’ असं ओरडावं लागत नाही. फलाट जमिनीपासून ९०० मिलिमीटर उंच, बसचा तळही तेवढाच. पंधरा-वीस सेकंदांत बस गेलेलीही असते.

भारतातल्या बीआरटीचा, म्हणजे बसला वेगळी वाट देणाऱ्या सेवेचा, आढावा या ९०० मिलिमीटरपासून सुरू करायला हवा. तो बहुधा कुरितिबापासून सुरू होतो.

तर कुरितिबाचं आधी उरकून घेऊ. ब्राझीलच्या त्या शहराने १९७४ मध्ये, जाइमे लर्नर महापौर असताना, बससाठी रस्त्याच्या मध्यात वेगळी वाट काढली. मेट्रो परवडत नव्हती आणि नड ही योजनेची आई ठरली. डिसेंबर २००० मध्ये कोलंबियातल्या बोगोतात एनरिके पेन्यालोसांनी ट्रान्समिलेनियो सुरू केली आणि जगभरचे महापौर विमानं पकडून तिकडे धावले. हे सगळं परिसंवादांना जाणाऱ्यांना तोंडपाठ आहे. त्यातली एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. कुरितिबात बसची वाट आली १९७४ मध्ये आणि त्या प्रसिद्ध काचेच्या नळीसारखे, बसच्या तळाएवढे उंच थांबे आले १९९१ मध्ये. वाट काढल्यावर दाराचं महत्त्व कळायला खुद्द गुरूला सतरा वर्षं लागली. आपण ते शिकवणीतच शिकू शकलो असतो.

शिकलो नाही. डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर हा देशातला पहिला प्रायोगिक मार्ग सुरू झाला. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेचा पैसा नुकताच मोकळा झाला होता, त्यामुळे घाई प्रचंड. बस रस्त्याच्या मध्यात आणली, पण तिचं दार डावीकडेच राहिलं. मग थांबे मार्गिकेच्या डाव्या अंगाला, बस आणि मोटारी यांच्यामध्ये बेटासारखे बसवले. जाण्याचा थांबा इथे, येण्याचा पलीकडे. प्रवाशाने वाहतुकीतून जीव मुठीत धरून त्या बेटावर पोहोचायचं आणि मग दोन पायऱ्या चढून बसमध्ये शिरायचं. मध्येच थांबा असता तर दोन्ही दिशांना एकच फलाट पुरला असता आणि जागाही वाचली असती. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून मधल्या थांब्यासाठी बसला उजवं दार लागतं. बोगोतात वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून तिथे तेच दार डावीकडे आहे. एवढंच ते गणित.

त्या काळात प्रस्तुत लेखकाने एका कार्यालयात उजव्या दाराबद्दल दोन पानी टिपण दिलं होतं. आठ महिन्यांनी त्यावर शेरा मिळाला: ‘बसखरेदी हा विषय या विभागाचा नाही.’ शेरा अगदी बरोबर होता. रस्ता एका विभागाचा, बस दुसऱ्याची, सिग्नल तिसऱ्याचा, आणि पुण्याची पीएमटी व पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा तर तेव्हा अजून एकत्रही आल्या नव्हत्या. त्यांची पीएमपीएमएल झाली २००७ मध्ये. मार्ग आधी आणि तो चालवणारी कंपनी नंतर, असा हा उलटा संसार.

कात्रज–स्वारगेटच्या, म्हणजे सातारा रस्त्याच्या, अपयशावर गेली अनेक वर्षं काही मंडळी पोट भरत आहेत. ‘पुण्याचे रस्तेच अरुंद’ हे त्यांचं पालुपद. सातारा रस्ता पुण्याच्या मोजक्या रुंद रस्त्यांपैकी एक आहे, हे त्यांना कोण सांगणार?

आता अहमदाबाद. इथे जरा बसू या.

इथली बीआरटी, ‘जनमार्ग’, १४ ऑक्टोबर २००९ रोजी सुरू झाली. आरटीओ ते पिराणा हा पहिला टप्पा साडेबारा किलोमीटरचा. शिवानंद स्वामी आणि सेप्ट विद्यापीठातली त्यांची माणसं यामागे होती. त्यांनी पहिलं शहाणपण केलं ते असं, की गजबजलेल्या जुन्या शहरात उडी न घेता जिथे रस्ता रुंद आहे आणि वस्ती वाढते आहे तिथून सुरुवात केली. दुसरं शहाणपण म्हणजे थांबा मध्यात, फलाट ९०० मिलिमीटर, बसला उजवं दार आणि तिकीट थांब्यावरच. तिसरं कुणी फारसं सांगत नाही: लोकार्पणाआधी काही महिने बस फुकट चालवली. लोकांना सवय झाली, चालकांचा हात बसला, चुका निस्तरता आल्या. आपल्याकडे फीत आधी कापतात आणि चालक दुसऱ्या दिवशी शिकायला लागतो.

पुढल्याच वर्षी प्रस्तुत लेखक तिथे पाच मीटरचा टेप घेऊन गेला. दिवसभर एका थांब्यावर बसून बस आणि फलाट यांतली फट मोजली. चांगला चालक चार बोटं फट ठेवायचा, घाईतला वीतभर. चार बोटांवरून माणूस न बघता पाय टाकतो. वीतभर फट दिसली की खाली बघतो, थबकतो आणि मागचे सगळे थबकतात. बसच्या मार्गाची क्षमता त्या थबकण्यात जाते.

आकडेमोड शाळकरी आहे. बस थांब्यावर ६० सेकंद अडकली आणि ती निघून पुढची लागायला १५ सेकंद गेले, तर त्या जागेवरून तासाला ४८ बस जातात. तेच थांबणं २० सेकंदांवर आणलं तर १०० हून जास्त. मधला सिग्नल यातून आपला वाटा कापून घेतो, तो भाग वेगळा. पण एक वीट न रचता क्षमता दुप्पट होते, ती केवळ दार, उंची आणि तिकीट यांच्या जोरावर. उड्डाणपुलाने असं काही करून दाखवल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

अहमदाबादची ही शिकवण पुणे–पिंपरीत पोहोचली ‘रेनबो’ या नावाने, २०१५ मध्ये. ऑगस्टमध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी, सप्टेंबरमध्ये सांगवी–किवळे, मग नाशिक फाटा–वाकड, आणि एप्रिल २०१६ मध्ये नगर रस्ता. दापोडी–निगडी तर बांधून वर्षानुवर्षं पडून होता. जनहित याचिकेच्या फेऱ्यातून सुटून ऑगस्ट २०१८ मध्ये धावला.

या सगळ्यांत प्रस्तुत लेखकाचा जीव जडला तो सांगवी–किवळे, म्हणजे औंध–रावेत रस्त्यावर. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ मध्ये १० लाख होती, २०११ मध्ये १७ लाखांवर गेली. पिंपळे निलख, वाकड, थेरगाव, पुनावळे, रावेत ही कालपरवापर्यंतची गावं. उसाच्या फडात इमारती उगवत होत्या आणि त्यांच्याआधी ४५ मीटरचा रस्ता आखलेला होता. यातच सगळं आलं. बसच्या दोन मार्गिकांना साडेतीन-साडेतीन मीटर आणि थांब्याला चार मीटर दिले, तरी ३४ मीटर उरतात. पदपथ, सायकल, मोटारी, झाडं, सगळं बसतं. लोक राहायला येण्याआधी बस आली, तर घर घेणारा दुसरी मोटार घेण्याआधी एकदा तरी विचार करतो. उपनगरातला रस्ता वस्तीच्या आधी आखायचा असतो, तो यासाठी.

इथली सेवाही शहाणी होती. अहमदाबादची बस बहुतेक आपल्याच मार्गात फिरे. इथली बस मार्गिकेत शिरे, रक्षक चौक, जगताप डेअरी, काळेवाडी फाटा असे थांबे घेई आणि पुढे साध्या रस्त्याला लागून पुण्याच्या मनपा भवनाकडे वळे. म्हणून तिला दोन्ही अंगांना दारं: उजवीकडे उंच फलाटाचं, डावीकडे पायऱ्यांचं. चीनमधल्या ग्वांगझौने २०१० मध्ये हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवली होती. प्रवाशाला गाडी बदलावी लागत नाही. ज्यांनी स्वतः कधी गाडी बदललेली नाही, अशांना हा मुद्दा किरकोळ वाटतो.

दोष होतेच. तिकीट कंडक्टरकडेच राहिलं. ताफ्यातल्या सगळ्या बसना उजवं दार नव्हतं, आजही नाही. आणि थांब्यापर्यंत जायचं कसं, याचं उत्तर अनेक ठिकाणी ‘पळत’ असंच राहिलं.

बाकीच्या शहरांवरून झरझर जाऊ. दिल्लीत आंबेडकर नगर–मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा तुकडा २००८ मध्ये आला, डाव्या दाराचाच. चिराग दिल्लीच्या सिग्नलवर मोटारवाले तिष्ठत राहिले आणि २०१६ मध्ये तो उखडला गेला. भोपाळने २०२४ पासून आपला मार्ग काढायला घेतला, इंदूरनेही तेच केलं. अपवाद शेजारच्या कर्नाटकातल्या हुबळी–धारवाडचा: दोन गावं जोडणारा सुमारे २२ किलोमीटरचा मार्ग, थांब्यांवर मागच्या बसला पुढे काढता येईल अशी जादा मार्गिका, आणि बसचं नाव ‘चिगरी’, म्हणजे हरीण. महाराष्ट्राची सीमा ओलांडून तिथे जाणारे आपले अभ्यास-दौरे मात्र थोडेच. ते बोगोताला जातात.

आता नव्या मार्गांच्या बैठकांना प्रस्तुत लेखकाला कुणी बोलावत नाही. शेवटच्या एका बैठकीत सल्लागाराने पडद्यावर चौकाचौकातली वाहनांची मोजणी दाखवली. बसमधली माणसं किती, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘सर, बस म्हणजे तीन मोटारी धरतो आपण.’ म्हणजे बसने रस्त्यावर किती जागा अडवली ते मोजलं, तिच्यात किती माणसं होती ते नाही. एका मार्गिकेतून सिग्नलशिवाय तासाला फार तर दोन हजार मोटारी जातात; मोटारीत दीड माणूस धरला तर ३,००० माणसं. मिनिटाला एक बस आणि तिच्यात ६० माणसं, तर ३,६०० होतात. बस नसलेल्या क्षणी तीच मार्गिका रिकामी दिसते, म्हणून शेजारी अडकलेला मोटारवाला चिडतो. ती रिकामी दिसते याचा अर्थ ती काम करते आहे. पण अडकलेल्या माणसाला हे पटवायचं तर दर मिनिटाला खरोखर एक बस जायला हवी, आणि बस तर कमीच पडत गेल्या. मग मोटारी घुसल्या, वॉर्डन दिसेनासे झाले, आणि ‘बीआरटी फसली’ म्हणायला मंडळी मोकळी.

नगर रस्त्यावर तेच झालं. वाघोली २०२१ च्या जूनपर्यंत ग्रामपंचायतीत होती. माणसांचा पूर तिथून येणार, आणि नियोजन मात्र हद्दीच्या पाटीपाशी थांबणार. २०२३ नंतर येरवड्याच्या बाजूने मार्ग टप्प्याटप्प्याने काढायला घेतला. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीला पोहोचली. मेट्रो उत्तमच आहे. पण रामवाडीच्या पुढे खराडी आणि वाघोलीच्या माणसाला तिथवर आणून सोडणारी वाट उखडायची, याला नियोजन म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

मागच्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखक वाघोलीहून येणाऱ्या बसमध्ये बसला होता. बस दोन दारांचीच. उजवं दार बंद, त्याला पाठ टेकून कॉलेजचा एक मुलगा मोबाइल बघत उभा. विमाननगर आलं तशी पुढच्या बाकावरची एक बाई उठली आणि सवयीने त्या बंद दारापाशी जाऊन उभी राहिली. मुलगा बाजूला झाला. बस पदपथाकडे वळून डबक्यात थांबली. कंडक्टर मागून म्हणाला, ‘मावशी, ते दार आता उघडत नाही. डावीकडनं उतरा, आणि पायरी ओली आहे, जपून.’