लग्न एकच, तरी कोर्टाला अमान्य

मॉर्मन म्हटले की लोकांना दोनच गोष्टी आठवतात: पांढरा सदरा घालून जोडीने दारोदार फिरणारे तरुण प्रचारक, आणि त्यांच्या पूर्वजांच्या अनेक बायका. पण एका मॉर्मन लग्नावरून विलायतेतील कोर्टाने दिलेल्या निकालाचा फटका पुढे हिंदू-मुसलमान लग्नांनाही बसला. ती हकिकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जुलै १८३७ मध्ये हेबर किंबॉल व त्याचे सोबती अमेरिकेहून लिव्हरपूलला उतरले आणि प्रेस्टन या गिरण्यांच्या गावी गेले. ३० जुलै रोजी रिबल नदीत पहिल्या नऊ जणांचा बाप्तिस्मा झाला. गरीब कामकऱ्यांना नव्या भूमीची ओढ लागली. १८५१ पर्यंत ब्रिटनमध्ये या पंथाचे तीस हजारांवर लोक झाले, आणि जहाजे भरभरून माणसे अमेरिकेस निघाली. आपले पणजे मुंबईहून बोटीत बसले, तोही जवळपास हाच काळ!

या भाबड्या लोकांना बहुपत्नीत्वाची गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. १८५० साली फ्रान्समधील बुलोन येथे जॉन टेलर या पुढाऱ्याने भर सभेत हा आरोप नाकारला. त्या वेळी त्याच्या स्वतःच्या घरी अनेक बायका होत्या. ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत ही चाल उघडपणे जाहीर झाली. संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या बायका तीस ते चाळीस असाव्यात, हे चर्चनेच २०१४ साली मान्य केले. त्यांतील एक पंधरा वर्षांचीही नव्हती; ती प्रेस्टनला आलेल्या किंबॉलचीच मुलगी.

जॉन हाइड हा इंग्रज तरुण १८५३ साली सॉल्ट लेक सिटीत पोचला. तेथे त्याने लॅव्हिनियाशी लग्न केले. दुसरी बायको त्याने कधीच केली नाही. १८५६ मध्ये प्रचारासाठी हवाईकडे पाठविले असता त्याचा विश्वास उडाला आणि तो पंथाविरुद्ध बोलू लागला. पंथाने त्याला बहिष्कृत केले, आणि लॅव्हिनियाने पुढे दुसरे लग्न केले. इंग्लंडला परतून डर्बी येथे पाद्री झालेल्या हाइडने घटस्फोट मागितला.

१८६६ साली न्यायमूर्ती जेम्स वाइल्ड यांनी अर्ज फेटाळला. एक पुरुष व एक स्त्री यांचे, इतर सर्वांना वगळून, जन्मभराचे ऐच्छिक मीलन म्हणजे विवाह, अशी व्याख्या त्यांनी केली. ज्या रिवाजात दुसरी बायको करता येते, त्या रिवाजाचे लग्न या कोर्टापुढे येऊ शकत नाही. मुलांच्या वारसाहक्काबद्दल मात्र आपण काही ठरवीत नाही, एवढे ते म्हणाले.

बहुपत्नीत्व सोडल्याचे मॉर्मन चर्चने १८९० साली जाहीर केले, पण कोर्टाचा नियम तसाच राहिला. त्या काळी हिंदू पुरुषाला दुसरी बायको करता येत होती. म्हणून नवऱ्याने टाकलेली बाई विलायतेत पोटगी मागायला गेली, तर तिच्या सप्तपदीचीच अडचण व्हायची. पंडिताने लावलेले लग्न वेगळे आणि सिव्हिलचे कागद वेगळे, हे दुखणे आपल्या बेटावरच्या जुन्या घरांना नव्याने सांगायला नको.

१९४६ साली एक उलटा प्रसंग आला. भारतात हिंदू पद्धतीने लग्न झालेल्या एका गृहस्थाने लंडनमध्ये इंग्रज बाईशी नोंदणी-लग्न केले होते. ते रद्द करावे म्हणून ती बाई कोर्टात गेली. अपील कोर्टाने पहिले हिंदू लग्न खरे मानले आणि दुसरे रद्द ठरविले. म्हणजे दुसरे लग्न मोडण्यापुरते हिंदू लग्न लग्न होते. पहिलीला घटस्फोट किंवा पोटगी देण्यापुरते नव्हते! पार्लमेंटने कायदा करून ही अडचण दूर केली ती १९७२ साली, हाइडच्या निकालानंतर १०६ वर्षांनी.