पाणी पाजलेले पाते

जव्हारच्या पठारावर आणि मोखाड्याच्या उतारांवर राहणाऱ्या वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी व कातकरी कुटुंबांच्या घरांत लोखंडाची हत्यारे मोजकीच असतात. परंतु त्यांत कोयत्याचा मान पहिला, कारण या अतिवृष्टीच्या आणि निकृष्ट मातीच्या मुलखात नागली व वरी पिकते ती राबाच्या आधारावर, आणि झाडांच्या फांद्या छाटून, त्या रोपाच्या जागेवर शेण-पाल्यासह पसरून, पावसाळ्यापूर्वी जाळण्याचे हे कर्म कोयत्यावाचून आरंभच पावत नाही. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान आणि मोखाडे हा शहापूर तालुक्याचा पेटा होता त्या अमदानीत, राबासाठी फांद्या तोडण्याचा रयतेस हक्क आहे की नाही यावरून ठाणे जिल्ह्यात एवढा तंटा माजला, की १८८५ साली मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमणे भाग पडले. कमिशनपुढे साक्षी झाल्या, कैफियती झाल्या. हा सारा तंटा ज्या धारेमुळे शक्य झाला, ती कशी उत्पन्न होते याची चौकशी करण्याचे मात्र कोणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही.

ती चौकशी लोहाराच्या भात्यापाशीच करावी लागते. हल्ली कोयत्याचे पोलाद बहुधा मालमोटारीच्या मोडक्या पाट्याचे असते, आणि ही निवड केवळ स्वस्ताईची नाही. या पोलादात अर्ध्या टक्क्याच्या आसपास कर्ब असतो, आणि घाव सोसून न तुटणे हाच त्याचा स्वभाव असतो. पाटा कोळशात नारिंगी होईतो तापवून ऐरणीवर धरला जातो, कारागीर हातोडीने जागा दाखवतो, साथीदार तेथेच घण घालतो, आणि पाठ जाड, धार पातळ व टोक आत वळलेले असे पाते हळूहळू आकारास येते. पण एवढ्यावरच कोयता बाजारात नेला, तर ऐनाच्या पहिल्याच कठीण फांदीवर त्याची धार मुडपेल. कारण त्यास अजून पाणी पाजलेले नसते.

पाणी पाजण्याचा विधी थोड्या क्षणांचा आहे, परंतु साऱ्या विद्येचे रहस्य त्यातच आहे. पाते पुन्हा तापवले, की सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोहचुंबक त्यास ओढेनासा होतो. त्याच्या थोडे वर गेले, की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलून कर्ब त्यात विरघळतो, आणि अशा अवस्थेत पाते एकाएकी थंड केले, तर बाहेर पडण्यास अवकाश न मिळाल्यामुळे तो कर्ब आतच कोंडला जातो आणि पोलाद अतिशय कठीण होते. दुर्दैवाने ते तितकेच ठिसूळही होते: दगडावर आपटले तर काचेसारखे फुटावे इतके. म्हणून जाणता लोहार केवळ धारेकडचा भाग बुडवतो, बाहेर काढून घासून उजळ करतो, आणि पाठीत शिल्लक राहिलेली उष्णता धारेकडे परत येताना पाहत राहतो. त्या उजळ अंगावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि सुमारे ३०० अंशांना निळा रंग चढतो. इष्ट रंग धारेवर आला, की पाते पुन्हा पाण्यात. या रंगांच्या प्रवासात पोलाद आपला कठीणपणा थोडाथोडा सोडते आणि त्याच्या बदल्यात चिवटपणा मिळवते. किती सोडू द्यावयाचा, हा निवाडा लोहाराचा. माझ्या मते हत्यार घडते ते या निवाड्यात. घणाचे काम त्यामानाने सोपे.

न्हाव्याच्या वस्तऱ्याला हाच नियम लागू आहे, पण निवाडा उलट. कोयत्याला झाडाशी झुंजायचे असते, वस्तऱ्याला फक्त केसांशी. तेव्हा त्यास चिवटपणाची गरज थोडी आणि कठीणपणाची फार. शेफिल्ड आणि झोलिंगेनच्या कारखान्यांत वस्तऱ्यासाठी एक टक्क्याच्या आसपास कर्बाचे पोलाद घेत, घडलेले पाते सुमारे ८०० अंशांवरून थंड करीत, आणि पुन्हा तापवीत ते २०० अंशांच्या आगेमागेच. निळ्या रंगापर्यंत नेलेला वस्तरा फुकट गेला असे समजावे. त्यानंतर फिरत्या चाकांवर दोन्ही अंगे आत खोल घासून पाते इतके पातळ करीत, की नखाने टिचकी मारली असता ते गुणगुणते. या घासण्यात तापून त्याचे पाणी उतरू नये म्हणून चाकावर पाण्याची धार सोडलेली असते. पाठ जाड ठेवण्यात तर मोठी युक्ती आहे: निसण्यावर वस्तरा आडवा ठेवला, की पाठ आणि धार दोन्ही दगडास टेकतात, आणि धारेचा कोन हातास नव्हे, तर पाठीच्या जाडीस ठरवावा लागतो. अखेरीस शिंगाच्या किंवा लाकडाच्या दोन फळ्यांत पितळी खिळ्याने पाते अडकवतात, आणि दुसऱ्या टोकाशी त्या फळ्यांमध्ये एक पाचर बसवतात. ती किंचित तिरकी बसली, तरी मिटताना धार फळीवर घासून बोथट व्हावयाची.

या विलायती कसबाशी आपल्या देशाचा एक धागा जुळलेला आहे. दक्षिणेत कोनासमुद्रमसारख्या गावी मुशीत तयार होणाऱ्या पोलादाची कीर्ती इंग्लंडात पोहोचली, तेव्हा लंडनचा शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारा कारागीर जेम्स स्टोडार्ट आणि तरुण मायकेल फॅरडे यांनी त्याचे मर्म शोधण्यासाठी प्रयोग मांडले व १८२० साली मिश्र पोलादांवरील निबंध प्रसिद्ध केला. पुढे विजेच्या शोधांनी जगप्रसिद्ध झालेला हा शास्त्रज्ञ आपल्या मिश्र पोलादाचे वस्तरे स्नेह्यांना भेट देत असे.

१९०३ साली जिलेटची बदलती पाती विक्रीस आली आणि वस्तऱ्याचे भाग्य फिरले. आजच्या सलूनमधील वस्तरा हा बहुधा अर्ध्या ब्लेडचा केवळ दांडा असतो. पाणी पाजण्याचे काम दूरच्या कारखान्यातील भट्टीत होऊन गेलेले असते, आणि गिऱ्हाईक उठले की ब्लेड टाकून देतात. कोयत्याची तशी सोय नाही. त्याची धार झिजली, की तो शेवटण्यासाठी, म्हणजे नवी धार काढण्यासाठी, लोहाराकडे येतो. पण तापवताच जुने पाणी समूळ उतरते, म्हणून धार ठोकून काढल्यावर बुडवणे, उजळणे आणि रंगांची वाट पाहणे हा सारा विधी त्यास पहिल्यापासून करावा लागतो.