रिश्ता बघायला जीपभर माणसं कशाला?

ईद झाली की पुणतांबा, राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव या पट्ट्यात रिश्त्यांची धावपळ सुरू होते. मुलाकडचे आठ-दहा जण येतात. नाश्ता होतो, जेवण होतं. मुलगी ट्रे घेऊन येते, नाव-शिक्षण सांगते आणि आत जाते. मुलाशी एक वाक्यही बोलणं होत नाही. आठवड्याने निरोप येतो, "इस्तिखारा ठीक नहीं आया." कधी तोही येत नाही. असं चार-पाचदा झालं की खर्चाचं सोडा, पण मुलगी स्वतःलाच दोष देऊ लागते.

आणि मंगनी झाली की तीच मुलं रात्र-रात्र व्हॉट्सअॅपवर. घरच्यांना माहीत असतं, पण कुणी काही बोलत नाही. ठरवताना बोलायचं नाही, ठरल्यावर मात्र बेसुमार बोलायचं, हे आम्हाला उलटं वाटतं.

शरियतने वाट सोपी ठेवली आहे. ह. मुगीरा बिन शुअबा (रजि.) यांनी लग्नाचा पैगाम दिला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना आधी मुलीला पाहून घ्यायला सांगितलं, त्याने दोघांत जिव्हाळा राहील म्हणून. ह. फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांना दोन स्थळं आली होती. त्यांनी सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी (स.) आडपडदा ठेवला नाही. एकाकडे पैसा नाही, दुसऱ्याचा हात बायकांवर उठतो, हे स्पष्ट सांगितलं आणि ह. उसामा (रजि.) यांचं नाव सुचवलं. आपल्याकडे चौकशीला गेलं की एकच उत्तर, "घराणा अच्छा है." व्यसन, आजारपण, आधीचं मोडलेलं लग्न, सगळं त्या दोन शब्दांखाली झाकलं जातं.

जून 2017 चा शेतकरी संप पुणतांब्यातूनच सुरू झाला. त्याच भागात शेती करणाऱ्या मुलाचा बायोडाटा लिहिताना 'पुण्यात कंपनीत' असं लिहायचा मोह होतो. हे खोटं निकाहनंतर महिनाभरही टिकत नाही.

म्हणून पहिल्या भेटीला मुलगा आणि आई-वडील एवढेच यावेत. चहा-बिस्किटं पुरेत. दुसऱ्या भेटीत दोघांना अर्धा तास बोलू द्यावं, वडील किंवा मामू त्याच खोलीत असावेत. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज किती, घरात कोण कोण, मुलीला पुढे शिकायचंय का, नमाजचं काय, मेहेर किती आणि कधी देणार, हे तेव्हाच विचारावं. लाजून चालत नाही.

तीन-चार दिवसांत फोन करून हो किंवा नाही कळवावं. कारण सांगायची गरज नाही, आणि मुलीच्या रंगाबद्दल तर नाहीच नाही.

मुलीकडून होकार जाण्याआधी अम्मीने किंवा खालाने तिला एकटीला बसवून विचारावं. ह. खन्सा बिन्ते खिदाम (रजि.) यांचं लग्न वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावलं होतं. त्या तक्रार घेऊन गेल्या आणि प्रेषितांनी (स.) तो निकाह रद्द केला.