‘पाली’ नेमकी मोडते कुठे?
लिनक्सवरच्या मराठी दस्तऐवजांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की वाटेत पाली लागते. जवळच बिंदुसरा प्रकल्प. गावाचं नाव दोन अक्षरांचं. त्यात जोडाक्षर नाही, रफार नाही. तरीही विंडोजवर तयार केलेला ठराव किंवा लाभार्थ्यांची यादी लिनक्सच्या संगणकावर उघडली, तर हे साधं नावही ओळखू येईनासं होऊ शकतं. कधी रोमन अक्षरांची गिचमीड दिसते, कधी डोक्यावर रेघा-टिंबं असलेली युरोपीय अक्षरं, कधी नुसत्या चौकटी. मग लिनक्सला नावं ठेवून सगळं पुन्हा टाइप करायला घेतलं जातं. ही तिन्ही लक्षणं वेगवेगळ्या बिघाडांची आहेत आणि बहुतेकदा मूळ मजकूर शाबूत असतो.

गैरसमज : युरोपीय अक्षरं दिसली, म्हणजे फाइल करप्ट झाली.

वस्तुस्थिती : फाइल बरी असते, ती चुकीच्या पद्धतीने वाचली जात असते. युनिकोडमध्ये ‘पाली’ म्हणजे चार चिन्हं : प, काना, ल आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून एकूण बारा बाइट. हेच बारा बाइट एखाद्या प्रोग्रॅमने विंडोजच्या जुन्या पश्चिम युरोपीय संकेतानुसार वाचले, तर प्रत्येक बाइटचं एक अक्षर होतं आणि ‘पाली’च्या जागी बारा चिन्हं उमटतात. त्यांत डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ चार वेळा येतो, मध्येच पाऊणचा अपूर्णांक दिसतो आणि शेवटी जपानी येन व युरोची चिन्हं. दर तिसऱ्या जागी तोच रेघवाला ‘ए’ दिसला, तर बिघाड हाच.

ओडीटी आणि डॉकएक्स या फायलींमध्ये असं सहसा होत नाही. दोन्हींच्या पोटात एक्सएमएल असतं आणि त्याचा संकेत ठरलेला असतो. गडबड होते ती साध्या टेक्स्ट आणि सीएसव्ही फायलींत, कारण आपला संकेत कोणता हे त्या स्वतः सांगत नाहीत. लिब्रेऑफिस कॅल्क सीएसव्ही उघडताना एक खिडकी दाखवतं. घाईत ‘ओके’ दाबण्याआधी तिथल्या ‘कॅरेक्टर सेट’मध्ये ‘युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडा. खालच्या नमुन्यात मराठी लगेच वाचता येऊ लागते.

गैरसमज : कृतीदेवमधला मजकूर निवडून फॉन्ट बदलला, की तो युनिकोड होतो.

वस्तुस्थिती : कृतीदेवमध्ये टाइप केलेली ‘पाली’ संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. फाइलमध्ये आय, के, वाय, एच ही चार रोमन अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना प, काना, ल, वेलांटीचे आकार देतो. फॉन्ट काढला की उरतं रोमनच. सी-डॅकचे जुने फॉन्ट आणि श्रीलिपी यांचंही तत्त्व हेच. मराठीला लागणारे आकार रोमनच्या साध्या जागांत मावत नसल्याने त्यांनी युरोपीय अक्षरांच्या जागाही वापरल्या. म्हणून त्या फायली फॉन्टविना उघडल्या की रेघा-टिंबांची अक्षरं दिसतात, मात्र दर तिसऱ्या जागी येणारी ती खूण त्यांत नसते.

लिनक्सवर तो जुना फॉन्ट बसवला, तर मजकूर वाचता येतो, छापताही येतो. पण यादीत ‘पाली’ शोधायला गेलात तर सापडत नाही, अकारविल्हे लावली तर क्रम चुकतो. त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा परिवर्तकच लागतो, आणि तो प्रत्येक फॉन्ट-कुटुंबासाठी वेगळा. कृतीदेवचा परिवर्तक श्रीलिपीला चालत नाही.

हे काम नुसत्या ‘शोधा आणि बदला’नेही भागत नाही. ‘बिंदुसरा’ हा शब्द घ्या. कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी साठवली जाते आणि ‘ब’ नंतर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे ‘ब’ आधी, वेलांटी नंतर. रफाराचं उलट : ‘सर्व’मध्ये तो कृतीदेवात ‘व’नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘व’च्या आधी. चांगला परिवर्तक हा क्रम पालटतो. तरीही रूपांतरानंतर वेलांट्या, रफार आणि इंग्रजी शब्द डोळ्यांखालून घालावेत. मूळ मजकुरात रोमन लिपीतलं एखादं नाव असेल, तर परिवर्तक त्याचीही ‘मराठी’ करून ठेवतो.

गैरसमज : चौकटी दिसतात, म्हणजे अक्षरं गेली.

वस्तुस्थिती : अक्षरं आहेत, त्यांचा आकार असलेला फॉन्ट संगणकावर नाही. लोहित देवनागरी, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त हे फॉन्ट मोफत मिळतात. यांतला एखादा बसवला आणि लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडलं, की चौकटी जातात. विंडोजवरच्या फायली बहुधा ‘मंगल’ मागतात. तो नसला तर लिनक्स दुसरा फॉन्ट वापरतं आणि त्याची रुंदी वेगळी असल्याने ओळी सरकतात, दोन पानांचा ठराव तीन पानांवर जातो. मजकूर तोच असतो.

एक गोष्ट मात्र नेहमी चकवते. लिब्रेऑफिस रोमन आणि देवनागरीसाठी वेगवेगळे फॉन्ट लक्षात ठेवतं. भाषांच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करून मराठी निवडली, की देवनागरीचा फॉन्ट स्वतंत्रपणे ठरवता येतो.

गैरसमज : ‘पाली’तला ‘ल’ हिंदी वळणाचा दिसतो, म्हणजे टायपिंग चुकलं.

वस्तुस्थिती : युनिकोडमध्ये दोन्ही वळणांचा ‘ल’ एकच आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं प्रमाण ठरवली, पण कोणतं वळण दिसेल हे ठरवतो फॉन्ट. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी नोंदवलेली असेल तरच मराठी वळण येतं. तेव्हा मजकूर निवडा आणि भाषा हिंदीऐवजी मराठी करा. तरीही बदल झाला नाही, तर तिरो देवनागरी मराठीसारखा मराठी वळणाचा फॉन्ट वापरा.

गैरसमज : डोळ्यांना सारखं दिसतं, ते संगणकालाही सारखंच.

वस्तुस्थिती : ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन भागवत, काही जण अजूनही तसंच करतात. दिसायला दोन्ही जवळपास सारखे, पण एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. ‘दऱ्या’मधला ‘ऱ्य’ही दोन प्रकारे लिहिला जातो : खालच्या टिंबाच्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि ‘जे’ दाबलं की ‘ऱ’ मिळतो. कार्यालयातल्या सगळ्यांनी एकच पद्धत पाळली, तर याद्या जुळवताना एकच माणूस दोनदा येत नाही.

खरं नुकसान कधी होतं?

मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं दिसू लागली, तेव्हा. युनिकोड मजकूर जुन्या पाश्चात्त्य संकेतात साठवला, की त्या संकेतात देवनागरीला जागाच नसल्याने प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. ते फाइलमध्ये खरोखर लिहिलेलं असतं, त्यामुळे फॉन्ट किंवा परिवर्तक त्यातून ‘पाली’ परत आणू शकत नाही. म्हणून बिघडलेली दिसणारी फाइल कधीही सेव्ह करू नका. ती तशीच बंद करा, मूळ फाइलची प्रत काढा आणि प्रयोग त्या प्रतीवर करा. पुन्हा टाइप करायची वेळ फक्त प्रश्नचिन्हांच्या फाइलवर येते, आणि तिथेही आधी पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल आहे का, ते विचारावं.