घोड्याच्या अंगावर गांधी उठतात तेव्हा

घोड्याच्या अंगावर गांधी उठल्या की पहिला संशय चाऱ्यावर जातो. रायगडात मात्र शोध चिलटांपासून सुरू करावा. ओल्या चिखलात, शेणात वाढणारी ही टाचणीच्या डोक्याएवढी चिलटं पहाटे आणि तिन्हीसांजेला चावतात. त्यांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेला घोडा आयाळ आणि शेपटीचं मूळ खांबाला घासून रक्तबंबाळ करून घेतो. कुंडलिकेकाठी अष्टमी-रोह्याची भातखाचरं असोत वा माथेरानचे तबेले, पावसाळ्यात ओल सगळीकडेच असते. मग शेजारचा घोडा ठणठणीत कसा? कारण अ‍ॅलर्जी काही अंशी रक्तातून येते, काही अंशी चिलटांच्या संपर्कातून. संपर्काचं उदाहरण म्हणजे आइसलँड: तिथे हा विकार नाही. पण तिथले घोडे मोठेपणी युरोपात नेले की त्यांतल्या पुष्कळांना तो जडतो, मायदेशी राहिलेली त्यांची भावंडं मात्र सुखरूप असतात.

रक्त तपासून प्रश्न सुटेल, असं अनेकांना वाटतं. पण निरोगी घोड्यांचे अहवालही ‘पॉझिटिव्ह’ येतात, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. त्यापेक्षा वही उपयोगी: गांधी कधी उठल्या, त्याआधी कोणतं औषध, लस, नवा भरडा, नवी झूल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. संध्याकाळी घोडा आत बांधून बारीक जाळी आणि पंखा लावावा. चिलटांना वाऱ्यात उडवत नाही. स्टेरॉइडने खाज झटपट शमते, पण त्यातून खुरांचा गंभीर दाह उद्भवू शकतो. स्वतःच्या मनाने ते देऊ नका. नाकपुड्या सुजल्या, श्वास घरघरू लागला, तर उजाडायची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवा.